मामा लाइनवर आहेत

मुंबई शहरात असा एकही प्रश्न शिल्लक नाही, ज्यावर आमच्या मामांनी रेडिओवर मत दिलेलं नाही. खड्डे, भटकी कुत्री, गणपतीतले डीजे, लग्नात आहेर घ्यावा की घेऊ नये, मुलांनी वडिलांना एकेरी हाक मारावी का, सगळ्यावर. सकाळी नऊ वाजता एका एफएम स्टेशनवर श्रोत्यांनी फोन करून मतं मांडायचा कार्यक्रम लागायचा. निवेदिकेने 'आजचा विषय आहे' एवढं म्हटलं की मामा नंबर फिरवायला लागत. विषय काय आहे हे ते लाइन लागेपर्यंतच्या वेळात ऐकून घेत. कबुतरांना दाणे घालावेत का, यावर सोमवारी ते विरोधात बोलले आणि मंगळवारी बाजूने, कारण सोमवारी त्यांच्यासारखंच मत देणारे लोक त्यांना फार उद्धट वाटले. "मुद्दा बरोबर होता रे, पण माणसं बरी नव्हती," असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं.

मामा-मामी घोडपदेवला आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्यापासून तीन खोल्या सोडून राहायचे. गिरणी बंद पडल्यावर मामांनी फोर्टातल्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उरलेली नोकरी काढली आणि तिथून त्यांनी एक भाषा घरी आणली. एरवी घरात "काय गो, चाय झाली?" म्हणणारा हा माणूस फोन लागला की एकदम "सदर विषयाच्या अनुषंगाने मला असे नमूद करावेसे वाटते" असं बोलायचा. त्यासाठी नऊच्या आत आंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि घशाला ज्येष्ठमधाचा तुकडा हे ठरलेलं. रेडिओवर शर्ट कोणाला दिसतो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बनियनवर बोललेलं बनियनवरच ऐकू येतं." निवेदिका त्यांच्या नातीच्या वयाची, पण ते तिला अत्यंत आदराने 'ताई' म्हणत. तीही त्यांना 'आपले घोडपदेवचे मामा' म्हणायला लागली, त्या दिवशी मामांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले.

पेढे वाटले खरे, पण गंमत अशी की आमच्या मजल्यावर मामांना रेडिओवर कोणी कधीच ऐकलं नव्हतं. फोनवर बोलताना जवळ रेडिओ चालू असला की आवाज घुमतो, म्हणून बोलणाऱ्याने आपला रेडिओ बंद करायचा असतो. मामांना घरात रेंज यायची नाही, ते गॅलरीत उभे राहून बोलत, आणि गॅलरीला लागून वीस खोल्या, वीसही दारं उघडी, त्यातल्या निम्म्या घरांत तोच कार्यक्रम. मग मजल्याचा एक नियमच पडून गेला होता. मामांची लाइन लागली की ते डावा हात वर करायचे. जो कोणी तो हात आधी बघेल त्याने "मेल्यांनो, आवाज बारीक करा!" म्हणून ओरडायचं, की सगळ्या मजल्यावरचे रेडिओ गप्प. कुकरची शिट्टीसुद्धा बायका चमच्याने दाबून धरत. मामा सगळ्या मुंबईशी बोलत असत आणि आम्ही त्यांची पाठ बघत त्यांना तसेच, फुकटात ऐकत असू.

एकदा विषय होता फुटपाथवरचे फेरीवाले. मामा रंगात आले होते. "जोपर्यंत आपण नागरिक स्वतः फुटपाथवर खरेदी करणे थांबवत नाही, तोपर्यंत," असं ते गॅलरीच्या कठड्याला रेलून सांगत होते आणि त्याच वेळी खाली बसलेल्या भाजीवालीला दोन बोटं दाखवून कोथिंबिरीच्या दोन जुड्या काढायला सांगत होते. भाजीवाली पक्की व्यवहारी, तिने तिथूनच आवाज दिला, "मामा, मेथी पण टाकू काय? ताजी हाय!" निवेदिका खळखळून हसली. मामांनी जराही न अडखळता, "सदर मेथीचा विषयाशी संबंध नाही," असं सांगून मुद्दा पुरा केला. मेथी मात्र घेतली.

आता या सगळ्यात मामी कुठे होती? मामी घरात होती, आणि तिचे गुडघे गेले होते. आमच्या चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला, मामांच्या खोलीपासून चौदा दारं लांब, वर दोन पायऱ्या. चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले होते. नव्या इमारतीत प्रत्येक घरात आत संडास मिळणार होता. आमच्या कमिटीने ठरवलं होतं की जायचं तर एकमताने जायचं, आणि सगळ्यांच्या सह्या होऊन एकच राहिली होती, मामांची. मामांनी मसुदा तीन वेळा लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवला होता. चौथी प्रत फ्रिजवर पडून होती. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. "नव्या बिल्डिंगीत गॅलरी नाही रे. लोक दारं लावून बसतात. मी बोलू कोणाशी?" मला याचं वाईट वाटलं आणि रागही आला, कारण मामी रोज कठड्याला धरून धरून चौदा दारं चालायची ते मी बघत होतो.

मामीने सांगून बघितलं नव्हतं असं नाही. पण मामांना घरातलं दुखणं घरातल्यासारखं ऐकूच यायचं नाही, ते लगेच जाहीर प्रश्न होऊन बसायचं. ती एका संध्याकाळी "गुडघे फार दुखतात हो," म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मामा रेडिओवर रेल्वेच्या पुलांच्या पायऱ्या आणि या शहरातल्या ज्येष्ठ महिलांचे गुडघे या विषयावर चार मिनिटं बोलले. फार चांगलं बोलले. फोन ठेवून आत आले तेव्हा मामी कांदा चिरत होती. "त्या ज्येष्ठ महिलांना माझा नमस्कार सांगा," एवढंच ती म्हणाली. मामांना वाटलं, तिलाही आवडलं.

मग एका सकाळी विषय निघाला, 'जुन्या चाळी राहाव्यात की पाडाव्यात?' मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि गॅलरीत जाऊन नंबर लावायला सुरुवात केली. माझी ड्युटी दुपारची, मी घरी होतो. मामी रिकामा डबा परत करायच्या निमित्ताने माझ्याकडे आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या फोनवरून तो यांचा नंबर लावून दे." मी लावला. मामांना जो नंबर लागायला पाऊण तास लागायचा, तो मामीला पहिल्या घंटेला लागला. तिकडून कोणीतरी थांबायला सांगितलं. मी खिडकीच्या फटीतून बघितलं, मामाही फोन कानाला लावून थांबलेले होते. हात अजून खाली होता. त्यामुळे मजल्यावरचे सगळे रेडिओ मोठ्याने चालू होते.

"मी घोडपदेवहून बोलते. नाव राहू दे," मामी माझ्या कॉटवर बसून म्हणाली, आणि काही क्षणांनी तेच शब्द बाहेर दहा-बारा घरांतून ऐकू आले. "चाळ चांगली आहे, ताई. माणसं पण चांगली आहेत. माझे यजमान म्हणतात चाळ मोडू नये, ते बरोबर असेल, त्यांचा अभ्यास आहे. पण आमचे संडास लांब आहेत आणि मला चालवत नाही. मला संध्याकाळी तहान लागते आणि मी पाणी पीत नाही. सहा वाजले की पाणी बंद. उन्हाळ्यात पण. दोन वर्षं झाली. बस, एवढंच. माझी डाळ गॅसवर आहे, ठेवते." आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

बाहेर रेडिओवरचा तिचा आवाज अजून संपायचा होता. 'उन्हाळ्यात पण' पर्यंत आला तेव्हा माझं मामांकडे लक्ष गेलं. ते कठडा धरून उभे होते. तेवढ्यात निवेदिका म्हणाली असावी, आता आपले नेहमीचे मामा, कारण मामांनी फोन कानावर घट्ट दाबला. हात काही वर केला नाही. रेडिओ बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. लाइन लागूनही त्यांनी 'सदर विषयाच्या' म्हटलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. साध्या घरातल्या आवाजात म्हणाले, "आधीच्या बाईंना विचारा, हे घरी का नाही सांगितलं?"

निवेदिका काय म्हणाली ते आम्हाला रेडिओवर नंतर ऐकू आलं, "मामा, त्या बाई आता लाइनवर नाहीत." पण त्याच्या आधीच मामांनी तिला उत्तर दिलं होतं, "ठाऊक आहे. समोर उभी आहे."

मामी माझ्या उंबरठ्यावर आली होती. "सांगितलेलं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही फोनवर होतात."

तिला पुन्हा बोलावं लागलं नाही. मामांच्या फोनने ते उचललं होतं, आणि थोड्या वेळाने मजल्यावरच्या दहा-बारा उघड्या दारांतून तेच वाक्य मामांना परत ऐकू आलं. मामांनी फोन बंद केला, मामीच्या बाजूने हळूहळू चालत तिला खोलीत नेलं आणि फ्रिजवरचे कागद काढले. सगळा मसुदा तीनदा तपासणाऱ्या माणसाने चष्मासुद्धा न लावता सही केली. ती साक्षीदाराच्या जागी पडली, आणि कमिटीला पाचवी प्रत आणावी लागली.

चाळ रिकामी होऊन आता वर्ष होईल. आम्ही सगळे पांगलो. मामा-मामी माहीमला भाड्याच्या घरात आहेत, संडास आत आहे, मामी रात्री तांब्या उशाशी घेऊन झोपते. रेडिओला मामा आता क्वचित फोन करतात. मला त्यांच्या बडबडीची आठवण येते, खरंच येते, म्हणून मीच अधूनमधून त्यांना फोन लावतो आणि मुद्दाम एखादा विषय काढतो, पार्किंगचा नाहीतर कचऱ्याचा. मामा लगेच खुलतात. "सदर विषयाच्या," असं म्हणून सुरूही करतात. पण मधेच मागून मामीचा आवाज येतो, आणि मामा मला म्हणतात, "थांब रे, ही काहीतरी सांगतेय," आणि फोन ठेवून देतात.