पनासचा शेवटचा पेला

खारकिव्हच्या त्या प्रयोगशाळेत काच फुंकणाऱ्यांचा एक अलिखित नियम होता. आपलं भांडं गळलं, तर ते चारचौघांत आपल्याच हातानं फोडायचं. पनास ओमेल्यानोविचवर ही पाळी कधीच आली नव्हती, आणि हे तो येताजाता सगळ्यांना ऐकवायचा. पण यंदा त्याचे हात थरथरू लागले. मुख्याधिकाऱ्यांनी बोटभर उंचीचा पेला करायला सांगितला आणि वर म्हणाले, "हा जमला नाही तर काका, तुम्ही आपले कोठारात बसा."

पेला जमला. द्रव हेलियमवर काम करणाऱ्या रइसा मार्कोव्हनानं कौतुकानं त्याला प्रयोग बघायला बोलावलं. आजवर भांडं दारातून द्यायचं, एवढाच त्याचा त्या खोलीशी संबंध.

मोठ्या शीतपात्राच्या भिंतीत ठेवलेल्या काचेच्या फटीतून आत हेलियम खदखदताना दिसत होतं. थंडी आणखी वाढवली तशी खदखद एकाएकी थांबली. पेला त्यात बुडवून भरला आणि पात्रातल्या पात्रातच वर ओढून टांगता ठेवला. पेल्याच्या बुडाशी थेंब धरला आणि टपकला. मागोमाग दुसरा.

"टपकतंय! बघा, टपकतंय!" रइसा टाळ्या पिटत ओरडली.

पनासच्या पायाखालची जमीन सरकली. जन्मभराची अब्रू थेंबाथेंबानं चालली होती आणि ही बया टाळ्या वाजवत होती!

पेला बाहेर काढून टेबलावर ठेवला, तसा तो पुढं झाला. त्यानं पेला उचलला आणि फरशीवर आपटला.

"अहो, काय केलंत हे!"

"गळका होता. नियम म्हणजे नियम."

"गळका कुठला? इतक्या थंडीत हेलियम आपणहून भिंत चढतं, पनास ओमेल्यानोविच! काठ ओलांडून बाहेरून खाली उतरतं. तेच तर बघायचं होतं. पेला अखंड होता म्हणून आम्ही नाचत होतो."

"मग आधी सांगायला तुमची जीभ झडली होती?"

"वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

पनास मटकन खाली बसला. काठाचा एक तुकडा त्यानं अंगठ्यानं चाचपला. कुठं खाच नव्हती. इतका सुबक काठ त्याला तरुणपणीही साधला नव्हता.

"दुसरा करून द्याल ना?" रइसानं हळूच विचारलं.

त्यानं हातांकडे पाहिलं. ते थांबता थांबत नव्हते. त्यानं ते खिशात कोंबले.

"मुख्याधिकाऱ्यांना एवढं सांगा, बाई," तो म्हणाला, "हा जमला होता."