कोटाकडे बघ

शिंप्याच्या दुकानातल्या त्या कारागिराला सगळे ‘टेप’ म्हणत, कारण दुसऱ्याचं बोलणंही तो मोजूनमापून, शब्दशः घेई. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, “त्या कोटाकडे जरा बघ,” तर हा पठ्ठ्या स्टुलावर बसून तासभर कोटाकडे बघत राहिला.

चाळिशीत डॉक्टरांनी या स्वभावाला नाव दिलं, ऑटिझम. टेपला हायसं वाटलं, पण दुकानात सांगावं की नाही, इथं पंधरा दिवस घोडं अडलं. बाईंनी कोटाचं काम काढून घेऊन नुसती बटणं लावायला बसवलं तर?

“अहो, सांगून मोकळे व्हा एकदाचे,” बायको म्हणाली. शेवटी चहाच्या वेळी त्यानं एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी कात्री खाली ठेवली. “अगं बाई, त्याला नावपण असतं होय? मला वाटायचं, तू माझी फिरकी घेतोस!”

“मग कोट?”

“तुझाच. आता त्या निळ्या कोटाकडे बघ जरा...” बाईंनी जीभ चावली. “म्हणजे, बघू नकोस. डावी बाही उसव, अर्धा इंच आत घेऊन शिव.”

टेप जागचा हलेना. “बघू नको म्हणता, मग डोळे मिटून शिवू?”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्यांना त्याच्या मिशीतलं हसू दिसलं. या वेळी तो खरंच फिरकी घेत होता.