पलीकडची लिफ्ट

"हल्ली मेडपण किती टापटीप असतात ना. कळतच नाही."

लिफ्टमधल्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमची लिफ्ट पलीकडे आहे."

मी उतरले. मुलुंडच्या त्या टॉवरमध्ये मी एका मुलीला इंग्रजी शिकवायला जायचे. 'मी टीचर आहे', एवढंच बोलायचं होतं. तेवढंही न बोलता पलीकडे गेले.

त्यानंतर जिन्याने जाऊ लागले. कुणी मेड समजू नये म्हणून गळ्यात कॉलेजचं जुनं ओळखपत्र, हातात जाड इंग्रजी पुस्तक. मग त्या मुलीच्या घरी 'बरं नाही' असे मेसेज. मग विक्रोळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. आईला काय सांगणार? ती अशाच इमारतींत स्वयंपाकाला जाते. कामवाल्यांसाठीच्या सर्व्हिस लिफ्टने. माझ्या इंग्रजी शाळेची फी त्याच लिफ्टने भरली.

शेवटी पालिकेच्या रुग्णालयात गेले. तिथल्या समुपदेशक मॅडम सीबीटी करतात, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायचे उपचार. वाटलं, विसरून जा म्हणतील. त्या म्हणाल्या, अपमान झाला, तो तुझ्या मनाचा खेळ नाही. मग फक्त विचारत गेल्या. तुला मेड समजल्या, त्यात काय लागलं? मी त्यांच्या खालची. म्हणजे? माझी लायकी नाही.

"हे त्या बाई बोलल्या?"

नाही. हे मी बोलत होते. रोज, जिना चढताना.

"आणि मेड म्हणजे लायकी नाही, हे कुठे शिकलीस?"

मला आई दिसली.

मॅडमची पद्धत साधी होती. मनात आलेला विचार लगेच खरा मानायचा नाही, तपासायचा. ज्याची भीती, ते थोडं थोडं करून बघायचं, कशाच्या आडोशाशिवाय. मी ओळखपत्र काढून ठेवलं. माझा अंदाज होता, लिफ्टमध्ये शिरले तर हाकलतील आणि मी कोसळेन. पहिल्यांदा कुणी पाहिलंही नाही. पुढे एकजण रोखून बघत राहिला. छातीत धडधड झाली, आणि वर पोचेपर्यंत ती आपोआप कमी झाली. कोसळले नाही. कुणाला तरी सांगावं असं वाटलं. पण आईला तर आधीचंच सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी लिफ्टमध्ये त्याच बाई. तेच वाक्य, "तुमची लिफ्ट पलीकडे आहे." पण त्या दिवशी सर्व्हिस लिफ्ट बंद होती. कुणाकडे तरी कामाला येणाऱ्या एक मावशी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्याकडे वळल्या होत्या.

धडधड होतीच. 'मी टीचर आहे' जिभेवर आलं. इतके दिवस घोकलेलं. ते गिळलं. मिटणारं दार हाताने अडवलं.

"आमची लिफ्ट हीच. मावशी, आत या."