टेलरमामांनी केलेला व्हिलन

टेलरमामा पिक्चर बघत नसत, ऐकत असत. मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. शिलाई मशीनच्या बाजूला एका रिकाम्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला आणि त्यावर सकाळपासून कोणता ना कोणता मारधाडीचा पिक्चर सुरू. मामांची नजर सुईवर आणि कान पिक्चरकडे. चेन बसवायची असो की काजं करायची असोत, मान वर होत नसे. तरी मध्येच ते म्हणत, "हे चापट खोटी हाये." गिऱ्हाइकाने वाकून पाहावं तर खरंच, व्हिलनने कोणाला तरी नुकतीच मारलेली असे. "कशावरून मामा?" असं विचारलं की म्हणत, "आवाजावरून. खऱ्या चापटीचा एवढा आवाज येत नसते." आम्ही सगळे वाहवा करत असू. मामांना हे कुठून ठाऊक, असं आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही.

सुडाचे पिक्चर हा मामांचा खास प्रांत. प्रेमाच्या पिक्चरला ते "गुळगुळीत कापड" म्हणत आणि बंद करून टाकत. सुडाचा मात्र शेवटपर्यंत ऐकत आणि दोरा तोडता तोडता निकाल देत. निकालाची भाषा धंद्यातलीच. पिक्चरची गोष्ट म्हणजे कापड, ती सांगायची रीत म्हणजे शिलाई. "कापड भारी होतं, पण शिलाई कच्ची. नायकाले एक जण मारून राह्यला अन् बाकीचे धा जण लायनीत उभे, राशनच्या दुकानावर उभे राह्यल्यासारखे." किंवा, "शिलाई चोख, पण कापडातच दम नाही. याच्या बैलाले कोणी हात लावला म्हून यानं अर्धं गाव मारलं. असं नसते." गावातली कॉलेजची पोरं तिकीट काढण्याआधी मामांना विचारून जात. मीही शाळेत शिकवायला लागल्यावर सुटीच्या दिवशी तिथल्या बाकावर जाऊन बसायची. मामा मला "मास्तरीण" म्हणत आणि माझ्यासाठी चहा सांगत.

त्यांचं मुख्य तत्त्व असं, की सुडाच्या पिक्चरात पहिला मार खरा पाहिजे. तो पाहणाऱ्याला लागला नाही, तर पुढचा सूड फुकट. आणि व्हिलन हसता कामा नये. "मारणारा माणूस हसत नसते, मास्तरीण. तो ताटावरून उठते, मारते, अन् पुन्हा जेवाले बसते. त्याले भूक राह्यते." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं, की मी ते स्टाफरूममध्ये दोन-तीनदा आपलंच असल्यासारखं ऐकवलं.

मामा आम्हाला प्रिय होते, हे आधी सांगायला हवं, कारण पुढे ते सांगायची हिंमत होणार नाही. आमचं घर त्यांच्या घराला लागून, मधली भिंत एकच. गरिबाच्या पोराची शाळेची पँट शिवताना मामा आतून चार बोटं कापड जास्त दाबून ठेवत आणि त्याच्या आईला हळूच सांगत, "पुढच्या साली उसवून घेजो, बाई." माझे बाबा गेले तेव्हा मामा दुकान बंद करून आमच्या ओट्यावर बसून होते. कोणी विचारलं की "घरचंच माणूस गेलं" एवढंच म्हणत. असा माणूस.

मामी कमी बोलत. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, त्यामुळे उजवीकडून बोलायचं हे गल्लीतल्या लहान पोरांनाही माहीत होतं. लहानपणी कान फुटला होता, असं मामी सांगत. आम्ही मानत आलो.

पिक्चर काढला तो सोहेलने. सोहेल माझा शाळेतला सोबती. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा, आणि नवरदेवाच्या घोड्यामागे कॅमेरा घेऊन पळताना त्याच्या डोक्यात कायम एक सुडाचा पिक्चर फिरत असे. शेवटी त्याने तो काढलाच. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही मोबाइलवर शोधाल. गोष्ट साधी होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून गेलेली बाई बारा वर्षांनी विळा घेऊन परत येते आणि नवऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना एकेक करून संपवते. व्हिलन मिळत नव्हता. जो तो मिशा पिळत येई आणि कॅमेऱ्यापुढे हसत सुटे. सोहेल वैतागून मामांकडे सल्ला विचारायला आला, तर मामा कात्री खाली ठेवून म्हणाले, "मी दाखवतो तुले, कसा करा लागते ते."

शूटिंगवाल्यांच्या जेवणाचे डबे माझ्याकडे होते, म्हणून पहिल्या माराच्या सीनच्या दिवशी मी तिथे होते. सोहेलने लिहिलं होतं, की व्हिलन दारू पिऊन येतो, ताट भिरकावतो, खदखदा हसतो आणि बायकोला मारतो. मामांनी कागद परत दिला. "दारू कायले? प्यालेला मारते तं लोक म्हणते दारूनं मारलं. शुद्धीतला पायजे." मग ते पाटावर बसले. वरणभाताचा एक घास घेतला. चावता चावता थांबले. उठले, चुलीपाशी बायकोचं काम करणारी पोरगी बसली होती तिथे गेले आणि हात चालवला. परत येऊन बसले, आणि "मीठ नाही" एवढं म्हणून जेवायला लागले. बस. हात त्या पोरीच्या गालाला लागलाच नव्हता, हे ती नंतर सगळ्यांना शपथेवर सांगत होती. तरी रडत होती. दुसऱ्यांदा शूटिंग करायची गरजच पडली नाही. सोहेल नुसता म्हणत राहिला, "मामा, कसम से, अंगावर काटा आला." मीही टाळ्या वाजवल्या.

पिक्चर पहिल्यांदा दाखवला तो एका मंगल कार्यालयाच्या मांडवात, पडदा बांधून. अर्धं मंगरूळ लोटलं होतं. मामींच्या उजव्या बाजूला मी बसले होते. पिक्चरच्या उणिवा पहिल्या पाच मिनिटांत दिसायला लागल्या. लग्नातला ड्रोन सोहेलने जिथे तिथे उडवला होता, बाई विहिरीवर पाणी भरतेय तरी आपण आभाळातून बघायचं. रक्त टोमॅटो सॉससारखं, आणि बारा वर्षं रानावनात राहिलेल्या बाईच्या साडीच्या निऱ्या कडक इस्त्रीच्या. लोक हसत होते, ओळखीचं शेत दिसलं की ओरडत होते. मग तो सीन आला. पडद्यावर मामांनी घास घेतला, चावता चावता थांबले.

तेवढ्यात मामींचा हात डाव्या कानावर गेला.

पडद्यावरचे मामा अजून पाटावरच बसलेले होते. उठलेसुद्धा नव्हते. सगळ्या मांडवात पुढे काय होणार हे एकट्या मामींना कळलं होतं. कान झाकून, मान खांद्यात ओढून त्या बसल्या होत्या, आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. मग चापट पडली, अगदी बारीक आवाजाची, आणि मांडव शिट्ट्यांनी दणाणला. माझे हात टाळीसाठी वर आले होते. ते कुठे ठेवावेत, मला कळेना.

परत येताना ऑटोत आम्ही तिघंच होतो. मामा खुशीत होते. इतकी माणसं हात मिळवून गेली होती. त्यांनी मामींना विचारलं, "काय वं, कसं झालं माह्यं काम?"

मामी बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "काम तं त्या पोरीनं केलं. तुमी घरचंच तं केलं."

ऑटोवाल्याने आरशातून मागे पाहिलं. मामांचं तोंड मला दिव्यांच्या उजेडात मध्ये मध्ये दिसत होतं, आणि मी दुसरीकडे बघायला लागले. चोरी पकडली गेलेल्या माणसाकडे बघवत नाही तसं झालं. घरी आल्यावर मी आईला विचारलं. आई अंथरूण घालत होती, तिने मान वर केली नाही. "तुले आता समजलं?" म्हणाली. एवढंच. म्हणजे भिंतीच्या या बाजूला सगळं ऐकू येत होतं. मला वाटायचं, मामा घरीही पिक्चर लावतात, त्याचा आवाज आहे.

दुसऱ्या दिवशी मामांच्या दुकानात मोबाइल बंद होता. दुपारी ते आमच्या दारात आले आणि खाली बघतच म्हणाले, "मास्तरीण, माह्यासंगं सोहेलकडं चाल. तुह्यं ऐकते तो." सोहेलच्या दुकानात ते उभेच राहिले. "तेवढा सीन काढून टाक."

सोहेल हसला. त्याला वाटलं गंमत आहे. "मामा, तोच तं पिच्चरची जान हाये. बाकी सगळं कच्चं हाये, मलेही समजते. अन् तुमीच म्हणता न, पयला मार खरा पायजे? तो काढला तं ते बाई विळा कायले घेते?"

मामांचंच तत्त्व होतं ते. काउंटरवरचा लग्नाचा अल्बम ते उगाच सरळ करत राहिले. सोहेलचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं, तसा त्याचा आवाज उतरला. "मामा, तुमी म्हणान तं काढतो. तुमच्यापेक्षा पिच्चर मोठा नाही."

मामा म्हणाले, "मी कोण सांगणारा? तिले इचारतो."

मामी स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत होत्या. मामा उंबऱ्याच्या बाहेर थांबले, मी त्यांच्या मागे. त्यांनी विचारलं, "तो सीन काढाले लावू का?" आवाज इतका लहान, की मामींना ऐकू गेला नसेल असं मला वाटलं. ऐकू गेला होता.

"राहू द्या," मामी म्हणाल्या.

"काहून?"

"इतकी वर्षं मी सांगतलं असतं तं कोणी मानलं असतं? टेलरमामा म्हणजे देवमाणूस. आता तुमीच दाखवलं साऱ्याइले. राहू द्या." आणि सुपातला खडा काढून बाजूला ठेवला.

सोहेलने पिक्चर इंटरनेटवर टाकला. लोकांनी तो पूर्ण पाहिला नाही, पण तेवढा तुकडा कापून मोबाइलवरून मोबाइलवर पाठवला. मामांना ते रोज ऐकावं लागलं. बाजारात कोणीतरी खांद्यावर हात टाके, "वा मामा, काय चापट मारली!" मामा पायाकडे बघत. पोरं दुकानासमोर त्यांची नक्कल करत, पाटावर बसायची, घास चावायची, थांबायची. पिक्चर कसा आहे, असं कोणी विचारायला आलं तर म्हणत, "मले नाही समजत त्यातलं." मी एकदा हट्टाने त्यांच्या पिक्चरचा निकाल मागितला. खूप वेळ मशीन चालवत राहिले. मग म्हणाले, "शिलाई सोहेलची बरी हाये. कापडच खराब निंगालं." आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, "जाय आता घरी" म्हणाले. माझ्यावर रागावले नव्हते. त्यांना डोळे पुसायचे होते.

माफी मागितली का त्यांनी? मामी म्हणतात, नाही. मागता आली नाही. जेवणाचं ताट मात्र स्वतःच वाढून घ्यायला लागले. मामी मला सांगत होत्या, की अधूनमधून त्या मुद्दाम वरणात मीठ घालत नसत आणि समोर बसून राहत. "पायत होती, हात कुठी जाते ते." मी विचारलं, "मग?" "ताटातच राह्यला. सारं वरण अळणी खाल्लं, अन् पानी पिऊन उठले." हे सांगताना मामींच्या तोंडावर जे होतं, ते समाधान होतं की दया, मला ठरवता आलं नाही. मला त्या माणसाची कीव येत होती, आणि कीव येते याची लाज.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. सगळी गल्ली रडली, मीही रडले, खोटं नाही रडले. तेरावा झाल्यावर सोहेल भेटायला आला, तेव्हा मामींनी त्याला जवळ बसवून सांगितलं, "बाप्पा, तो सीन आता काढून टाक."

सोहेलने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मामी, तेव्हा तं तुमीच नाही म्हणलं होतं."

"तवा पाह्याले ते होते," मामी म्हणाल्या. "आता कोणाले दाखवू?"

सोहेलने शब्द पाळला. जुना पिक्चर उतरवला आणि तो सीन कापून नवा चढवला. आता त्यात बाई एकदम विळाच घेऊन येते आणि ओळीने माणसं मारत सुटते. बघणारे थोडेच. परवा खाली एकाने अभिप्राय लिहिला होता, तो मी मामींना वाचून दाखवला: "गाणी बरी, लोकेशन छान, पण या बाईला एवढा राग कशाचा आला तेच समजत नाही. नवरा तर चांगला माणूस दिसतो. हीच पिक्चरची कमजोरी."

मामींनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "आपल्या गल्लीतलाच असन कोणी."