एकोणीस पानं, बिनचूक

बावधनच्या एका काचेच्या दारांच्या शोरूममध्ये मी आमचा कॉम्प्युटर चादरीच्या गाठोड्यात बांधून नेला होता. तिथल्या माणसाने गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. एवढा जुना बोर्ड आता येत नाही. हा डबा भंगारात द्या आणि नवीन घ्या." मी म्हटलं, मला नवीन नको, यातलं हवंय. तर म्हणाला, "मग हार्ड डिस्क काढून ठेवा, मी कॉपी करून देतो." तो शहाणपणाचंच बोलत होता. पण "काढून ठेवा" हे शब्द कानावर पडले आणि माझं डोकं फिरलं. काढून घेतात आणि मग उरलेलं घेऊन आपण घरी यायचं असतं, हे मी एकदा पुरतं भोगलं आहे. मी गाठोडं उचललं आणि बसने भरे गावात परत आले.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. त्यानंतर ते जवळजवळ तीन वर्षं जगले, पण एक अक्षर बोलले नाहीत. हाताशी स्टीलचा पेला असायचा. त्यावर चमच्याने एकदा टण केलं की हो, दोनदा केलं की नाही. पाटी आणून दिली होती, तिच्यावर ते फक्त "चहा" आणि "पंखा" लिहायचे. गेल्या वर्षी ते गेले.

मी पुण्यातली. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला जात होते. मराठी टायपिंग, मिनिटाला चाळीस शब्द. परीक्षेत माझ्या कागदावर एकही चूक नव्हती. क्लासच्या सरांनी तो कागद पुढे कितीतरी वर्षं नव्या मुलींना दाखवायला ठेवला होता. लग्न होऊन मुळशीत आल्यावर मी पौडला कचेरीबाहेर टेबल टाकलं. आधी टाइपरायटर होता, नंतर हा कॉम्प्युटर. लोक येऊन आपल्या भाषेत गाऱ्हाणं सांगायचे, मी ते अर्जात उतरवायचे. कुणी म्हणायचं, "बांध कोरलाय वो त्यानं, इचारलं तर अंगावर येतंय." माझी बोटं तोवर "सदर इसमाने सामाईक बांधावर अतिक्रमण केले असून" इथपर्यंत पोचलेली असायची. मधे डोकं लागायचंच नाही.

घरीही मी तशीच. नवी नवरी असताना मी ह्यांच्या "हाय"ला "आहे" म्हणत असे, त्यांचं बोलणं संपायच्या आत. सासरची माणसं नाक मुरडायची. हे मात्र हसायचे. "बाईंनी लाल शाई काडली," म्हणायचे. पिरंगुटच्या कारखान्यातून येताना गेटवरूनच मुद्दाम मोठ्याने ओरडायचे, "हाय का कुणी घरात?" मी आतून ओरडायचे, "आहे!"

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मधे दोन आठवडे होते. आता सगळे विचारतात, फोनमध्ये आवाज का नाही रेकॉर्ड केला? हिंजवडीत नोकरी करणारी माझी मुलगी तर अजून रागावते. काय सांगू? सुचलं नाही. माणूस सांगायला बसला की टाइप करायचं, आयुष्यभर मला एवढंच माहीत. फोनमध्ये एक क्लिप आहे, अकरा सेकंदांची, नातेवाइकांच्या लग्नातली. तीत ते कॅमेऱ्याकडे हात करून "बंद कर ते" म्हणतात. बस, तेवढंच.

तर त्या दोन आठवड्यांत रोज दुपारी जेवणं झाली की ते माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि सांगायचे. लहानपणचा बैल, धरणाच्या पाण्याला भ्यायची त्यांची आई, कारखान्यातला पहिला दिवस, मला पाहायला आले तेव्हा अंगात घातलेला मित्राचा शर्ट. आवाज बसलेला असायचा, तरी थांबायचे नाहीत. मी टाइप करत होते. एकोणीस पानं झाली. एकदा मी एक पान वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "झ्याक हाय. कुण्या सायबानं लिवल्यागत वाटतंय." मला बरं वाटलं. प्रिंटरची शाई वाळली होती म्हणून छापायचं राहून गेलं.

ते गेल्यावर ती फाइल उघडायचं माझं धाडस होईना. ती आहे, एवढ्यावर मी दिवस काढत होते. आणि यंदा उन्हाळ्यात एका सकाळी, भांडी घासताना, माझ्या लक्षात आलं की मला एक शब्द आठवत नाहीये. मी रुसले, तोंड फिरवून बसले, की हे मला एका शब्दाने चिडवायचे. त्यांच्या आईचा शब्द होता तो, बहुधा दूध न देणाऱ्या म्हशीबद्दलचा. मी तो ऐकला की आणखी फुगायचे आणि मग हसायचे. चाळीस वर्षं ऐकलेला शब्द, आणि तो माझ्या डोक्यातून गेला. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले. तीन वर्षांच्या त्या टण-टणने त्यांचं सगळं बोलणं पुसून काढलं होतं. मोजायला बसले तर त्यांची म्हणून जशीच्या तशी पाच-सहा वाक्यं माझ्याकडे उरली आहेत. इथे मी लिहिली आहेत ती त्यातलीच. गावात तसं बोलणारी माणसं अजून आहेत, पण मला चिडवायला वापरलेला शब्द त्यांना कुठून माहीत असणार? दोघी-तिघींना विचारलं. त्यांनी चार शब्द सांगितले. त्यातला एकही नव्हता.

मग फाइल आठवली. त्यात तो शब्द असणारच होता. लग्नाच्या पहिल्या वर्षाबद्दल, माझ्या रुसव्यांबद्दल त्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही दोघं खूप हसलो होतो, ते मला स्वच्छ आठवत होतं. मी हात पुसले, कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि बटण दाबलं. आतला पंखा क्षणभर फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. दहा वेळा दाबलं असेल. शेवटी खाली बसले आणि रडले. ते गेले तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते, आल्यागेल्यांचा चहा बघत होते.

बावधनचं सांगितलंच. मग पिरंगुटला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. चाळिशीचा गृहस्थ, कपाळावर चष्मा. त्याने डबा उघडला, बॅटरीचा उजेड पाडला आणि मला जवळ बोलावलं. "काकू, ह्यो बोर्ड गेलाय बगा. ही टोपणं फुगल्यात."

"हा बोर्ड," मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

"व्हय, ह्योच," तो म्हणाला.

बोर्डावरच्या छोट्या नळकांड्या खरंच माथ्यावर फुगल्या होत्या, एकीतून तपकिरी काहीतरी झिरपून सुकलं होतं. तो म्हणाला, असाच जुना बोर्ड पुण्यात मोडीत बघतो, वेळ लागेल. तीन आठवडे लागले. रोज मी फोन करायचे आणि तो न चिडता "न्हाई अजून" म्हणायचा. सापडला तेव्हा त्यानेच आपणहून कळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. बोर्ड बसला होता, पण जुनी विंडोज नव्या बोर्डावर चालेना, निळा पडदा येऊन बंद पडत होती. "नवी टाकाया लागंल. सी ड्राइव्हमदलं समदं जाईल. सी मदी काय हाय का तुमचं कामाचं?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं. "माझं सगळं डीमध्ये असतं. शिस्तीत."

संध्याकाळच्या आत त्याने मशीन घरी आणून जोडून दिलं. ते सुरू झालं. डी उघडलं. फाइल होती! मी त्याच्यासाठी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. ओळीच्या ओळी. एस, के, अर्धविराम, जी, कंस, पुन्हा के. एक शब्द लागेल तर शपथ. दुरुस्तीवाला वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, फॉन्ट गेला वो तुमचा. त्यो सी मदी आसतोय. त्याबिगर मराठी दिसायची न्हाई."

फॉन्ट आमच्या क्लासच्या सरांनी स्वतः बनवला होता आणि कॉम्प्युटर आले तेव्हा फ्लॉपीवर घालून आम्हा चार-पाच जुन्या मुलींना दिला होता. सर गेले. फ्लॉपी कधीच गेली. त्याने नेटवरचे दोन-तीन फॉन्ट लावून पाहिले. देवनागरी उमटायची, पण भलतीच. मी विचारलं, त्या दिवशी बावधनला डिस्क नुसती काढून ठेवली असती तर? तो खोटं बोलू शकला असता. "मंग ऱ्हायला आसता," म्हणाला. चहा न घेता गेला. मी चहा ओतून टाकला.

आठवडाभर मी त्या खोलीत गेले नाही. माझा मलाच संताप येत होता. म्हणे शिस्तीत! मग एका दुपारी सवयीने जेवण झाल्यावर जाऊन बसले, फाइल उघडली आणि कुठलाही विचार न करता बोटं कळांवर ठेवली. क्लासमध्ये शिकवलेलं, नजर कागदावर, कळांकडे बघायचं नाही. नजर पडली ते पहिलं अक्षर डी होतं. डीवर बोट पडलं आणि बोटाला कळलं, हा क. के म्हणजे काना. जी म्हणजे ह. सरांनी कळा टाइपरायटरच्याच ठेवल्या होत्या! डोळ्यांना जे इंग्रजी दिसत होतं ते माझ्या बोटांना मराठी होतं. व्ही, के, जी, एस. आहे. मी मोठ्याने म्हटलं, "आहे!" आणि खुर्चीतून उठून दोन येरझाऱ्या घातल्या. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

मग बसून पहिलं पान बोटांनी वाचायला लागले. जे कळत होतं ते वहीत लिहीत होते. "त्या वेळी आमच्या घरी दोन बैल होते. त्यांपैकी एक बैल अत्यंत हट्टी होता व तो पाण्यात उतरण्यास नकार देत असे."

लिहिलं आणि पेन थांबलं. हे कोण बोलतंय? आमच्या ह्यांनी जन्मात कधी "त्यांपैकी" म्हटलं नव्हतं. "नकार देत असे" तर दूरच. त्या बैलाचं सांगताना ते खुर्चीत मागे रेलून, पाय रोवून, बैलच झाले होते. तोंडाने काय म्हणाले होते ते मात्र कागदावर नव्हतं. मी पुढे वाचलं. "आम्ही", "येथे", "परंतु". कचेरीचा अर्ज.

कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं. त्यांचा "हाय" म्हणजे जी, के आणि अर्धविराम. एकोणीस पानांत एकच जागा सापडली. जीव नुसता गोळा झाला. एकदा तरी सुटलं माझ्या हातून, एकदा तरी त्यांचं तसंच राहिलं! त्या ओळीवर बोटं ठेवून आधीचं अक्षर वाचलं, नंतरचं वाचलं. "सहायक" होता तो. कारखान्यातला सहायक फोरमन.

"लई" शोधलं, नाही. "न्हाई" नाही. "हितं" नाही. तरी आशा सुटत नाही माणसाची. तो चिडवायचा शब्द तर शुद्ध करण्यासारखा नव्हताच, त्याला अर्जाच्या भाषेत पर्यायच नाही, तो तरी मी ठेवला असेल. रोज दुपारी दीड-दोन पानं करत नवव्या दिवशी चौदाव्या पानावर पोचले. मित्राच्या शर्टाचं आलं, लग्नाचं आलं, मग आमचं पहिलं वर्ष. ती ओळ मी दोनदा वाचली.

"पत्नी नाराज झाली असता मी तिला एका विशिष्ट शब्दाने संबोधून तिची थट्टा करीत असे."

हसत हसत टाइप केलं असणार मी हे. ते शेजारी बसून तो शब्द म्हणत होते, शेवटच्या काही वेळांपैकी एकदा म्हणत होते, आणि मी कळांवर "विशिष्ट" मारत होते. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात जे काढलं ते मी त्या दुपारीच काढून टाकलं होतं.

उरलेली पानंही मी वाचली. कुठे घाईत, कुठे चुकून, एखादी मात्रा, एखादं अक्षर त्यांचं राहून गेलं असेल म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत बोटं फिरवली. एकोणीस पानांत एकही चूक नव्हती.