पोळी नव्हे, पोले

परदेशातल्या आमच्या या शुगर लँड गावात साधी टेकडीसुद्धा नाही. म्हणून एक मुलगी आमच्या घरामागच्या पार्किंगच्या इमारतीचा चढ चढायची, पाठीवरच्या सॅकमध्ये वजनासाठी तांदळाची पिशवी घालून. मी मुलाकडे राहते, सकाळी तिथेच फिरते. मला कुणाशी बोलायला जमत नाही. एकदा तीच थांबली.

"मावशी, मी आफ्रिकेतला मोठा पर्वत चढायला जातेय. लास्ट टाइम घाई केली आणि आजारी पडले. गाईडने अर्ध्यातून खाली आणलं. तो रोज सांगायचा, पोले पोले."

"पोळी?" मी विचारलं.

ती हसत खालीच बसली. "नाही हो. पोले म्हणजे हळू."

मग ती रोज माझ्या बरोबरीने चालू लागली. माझा गुडघा दुखतो, मी रेंगाळतच चालते. ती म्हणाली, "तुमच्या स्पीडने चालता आलं ना, तर या वेळी मी वर पोचेन."

आता ती तिकडे गेली आहे. सकाळी पार्किंगच्या गच्चीवर धुकं असतं, खालच्या गाड्या दिसत नाहीत. ती माझ्या मागेच आहे असं वाटतं. मग मी आणखी हळू चालते, तिला घाई होऊ नये म्हणून.