वाळवण राखताना

दिवेलागण झाली की मला कुठेतरी लपून बसावंसं वाटायचं. जयपूरला, सोडाल्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात आई देवापुढे निरांजन लावी, बाबा बँकेतून येऊन हातपाय धूत आणि मला पाटावर बसावं लागे. मांडी घालून, हात जोडून. हलायचं नाही. शुभंकरोती झालं की पाढे. पाढे शाळेतले, हिंदीतले. रीत मात्र बाबांच्या साताऱ्याची. बदली कुठेही होवो, परवचा काही सुटत नसे.

साताच्या पाढ्याला माझी जीभ टाळूला चिकटे. "सात चौके?" बाबा विचारत आणि थांबत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांचं ते गप्प बसून वाट पाहणं मला खायला उठे. एकदा स्वयंपाकघरात ते आईला हळूच म्हणाले, "पोर मंद तर नाही ना गं?" मी दाराआड होते. तेव्हापासून मला माझीच भीती वाटू लागली.

त्यात शाळेतून निरोप आला. तोंडी परीक्षेत पाढे आले नाहीत, तर मुलगी त्याच वर्गात राहील.

त्याच दिवसांत आईने गच्चीवर कुरडया घातल्या आणि मला राखणीला धाडलं. लाल तोंडाचं एक दांडगं माकड टाकीवर येऊन बसलं होतं, दात विचकत. मी काठीने कठडा बडवत कुरडयांभोवती गोल गोल फिरू लागले. आवाज थांबला की ते खाली उतरणार, याची मला खात्री होती. ओरडायला दुसरं काही सुचेना, म्हणून पाढे ओरडले. दोनाचा, तिनाचा, पुढचे सगळे.

वळले तर जिन्याच्या तोंडाशी आई उभी.

"अगं, साताचा म्हणालीस तू!"

"थांबले तर ते येईल ना!" मी रडकुंडीला आले होते.

"मग नको थांबूस. आठाचा म्हण." आईही माझ्याबरोबर फिरू लागली.

परीक्षेला ती शाळेत आली. तिची हिंदी भाजीवाल्याशी बोलण्यापुरतीच, आणि आमच्या वर्गाच्या बाईंना तर मोठी माणसंही टरकून असत. मी टेबलापुढे उभी राहिले.

"सीधी खड़ी रहो. हाथ पीछे. सात का पहाड़ा."

मला एकही आकडा आठवेना. खोलीत तीच आमच्या घरातली शांतता.

"बहनजी," दारातून आईचा आवाज आला, कापरा. "उसको चलने दो ना. खडे रहके उसको नहीं आता. चलती है तो आता है."

बाईंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आता दोघींनाही हाकलणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"चलो, चलके सुनाओ."

मी टेबलापासून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सात चौके अट्ठाईस पाय उचलता उचलताच तोंडातून निघून गेलं. दाराशी आईने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

वर चढवल्याचं बाईंनी तिथेच सांगितलं.

संध्याकाळी निरांजन लागलं, आणि मला पुन्हा लपून बसावंसं वाटलं. पास होऊनही. बाबा म्हणाले, "चला, बसा."

आईने माझा पाट उचलला आणि भिंतीला टेकवून उभा केला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले.

"चाल गं," ती म्हणाली.